क्लायंबिंग येतं म्हणून रोप अ‍ॅक्सेसच्या कामाला निघालात? या चुका टाळा

सह्याद्रीत चार-पाच वर्षं क्लायंबिंग केलेली पोरं आता रोप अ‍ॅक्सेसला यायला लागलीयत, आणि मला मनापासून बरं वाटतं. रोप अ‍ॅक्सेस म्हणजे दोरावर लटकून उंचीवरची कामं करणं. काचेच्या बिल्डिंगा धुणं, साताऱ्याकडे चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्कीची पाती दुरुस्त करणं, कोकण रेल्वेच्या कटिंगमध्ये सुटे दगड पाडून जाळी मारणं, सगळीकडे उंचीवर डोकं शांत ठेवणारा माणूस लागतो. पण कड्यावरच्या सवयी साइटवर तशाच्या तशा आणल्या की गडबड होते. कड्यावर दोर असतो पडलो तर म्हणून, इथे आपण दिवसभर दोरावरच बसलेलो असतो, सगळा फरक तिथूनच सुरू होतो.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे एकाच दोरावर भरवसा. रॅपलिंगला आपण एका दोरावर बिनधास्त उतरतो, इथे दोन दोर आणि दोघांचे अँकर, म्हणजे दोर बांधायच्या जागा, वेगळे, एकावर काम आणि दुसऱ्यावर बॅकअप. क्लायंबरला बॅकअप डिव्हाइसची, म्हणजे दुसऱ्या दोरावर पडताना पकडणाऱ्या साधनाची, कटकट वाटते म्हणून तो ते कमरेखाली लोंबकळत ठेवतो, मग मेन दोर सुटला तर तेवढा झटका जास्त. ते कायम छातीच्या वर ठेवायचं.

दुसरं, घरचा डायनॅमिक रोप आणू नका. तो पडल्यावर झटका खाण्यासाठी ताणतो, त्यावर लटकून काम केलं की माणूस वरखाली होतो आणि पॅरापेटच्या (गच्चीच्या कठड्याच्या) कडेवर दोर करवतीसारखा घासतो. इथे लो-स्ट्रेच, म्हणजे कमी ताणणारा, दोरच लागतो, पण घासायचं म्हटलं तर तोही घासतोच. माझ्या पहिल्या वर्षी पुण्यात एका साइटवर कडेखाली टाकलेला गोणपाटाचा तुकडा वाऱ्याने सरकला, मला पत्ताच नाही, संध्याकाळी वर येऊन दोरावरून बोट फिरवलं तर कव्हर फाटून आतले पांढरे धागे बाहेर आलेले, बोटभर लांबीत. त्या रात्री झोप नाही लागली. तेव्हापासून प्रोटेक्टर नुसता ठेवत नाही, बांधतो, आणि जमलं तर दोर कडेला टेकणारच नाही असं रिगिंग करतो.

अ‍ॅसिडबद्दल कुणी सांगत नाही. टाइल्सवरचे सिमेंटचे डाग काढायला साइटवर सर्रास अ‍ॅसिड वापरतात आणि नायलॉनला अ‍ॅसिड खातं, बाहेरून दोर नवाकोरा दिसतो आणि आतून गेलेला असतो. शिंतोडे उडाल्याची शंका आली तरी दोर बाद, स्लिंग (पट्टीचा फास) आणि हार्नेसही (अंगावर बांधायचे पट्टे) नीट बघा, पैशाकडे बघू नका.

आता अडकलात तर काय. टी-शर्टचं टोक किंवा रुमाल डिसेंडरमध्ये, म्हणजे दोरावरून उतरायच्या साधनात, ओढला गेला तर चाकू काढायचा नाही, ताणलेल्या दोराला पातं नुसतं लागलं तरी तो तुटतो. डिसेंडरच्या वर हँड अ‍ॅसेंडर (दोरावर फक्त वर सरकणारी पकड) लावा, फूट लूपमध्ये, म्हणजे पाय ठेवायच्या फासात, उभं राहून वजन काढा आणि कापड ओढून घ्या. छातीचा अ‍ॅसेंडर वजनाखाली उघडत नसेल तरी तसंच, उभं राहिलं की त्यातला दोर पकडणारा कॅम उघडतो. पाय बधिर होत असतील तर सहन करत बसू नका, फूट लूपमध्ये उभे राहा, पाय हलवा. बसायची फळी घेतली तर ती फक्त आरामासाठी, दोराला जोडलेला हार्नेसच असला पाहिजे. आणि एकट्याने कधीच उतरू नका, बेशुद्ध माणूस हार्नेसमध्ये लटकत राहिला तर त्याला काही मिनिटांत खाली आणावं लागतं, फायर ब्रिगेडची वाट बघणं हा रेस्क्यू प्लॅन नाही.

सर्टिफिकेटचं थोडक्यात. इराटा ही रोप अ‍ॅक्सेसची आंतरराष्ट्रीय संघटना आहे, तिच्या लेव्हल 1 ला वय 18 पूर्ण हवं, किमान 4 दिवस ट्रेनिंग आणि मग असेसमेंट, सर्टिफिकेट 3 वर्षं चालतं. लेव्हल 2 ला किमान 1 वर्ष आणि दोरावरचे 1000 तास लागतात, त्यात कोकणकड्यावरचा एक तासही धरत नाहीत. तास लॉगबुकात लिहून सुपरवायझरची सही लगेच घ्या. माझा सुपरवायझर नोकरी सोडून गेला आणि तीन महिन्यांचे तास सहीविना पडून राहिले, आता मी दर शनिवारी साइट सोडायच्या आधी वही पुढे करतो.