खेळण्यांचा संग्रह दुकानात विकायला ठेवला आणि वाद झाला, तर काय करावे

वर्षानुवर्षे जमवलेली खेळणी विकायला काढणे कोणत्याही संग्राहकाला सोपे जात नाही. एकेक ग्राहक शोधायला वेळ नसतो, म्हणून जुनी खेळणी विकणाऱ्या फ्रँचायझी दुकानात माल कन्साइनमेंटवर ठेवला जातो. दुकानाने विकायचे, कमिशन कापायचे आणि उरलेले पैसे मालकाला द्यायचे, असा हा व्यवहार. मग महिने जातात. विचारले की "अजून गिऱ्हाईक नाही" असे उत्तर येते, आणि एक दिवस आपला सीलबंद सेट कपाटात दिसतच नाही.

अशा वेळी बहुतेक जण थेट किमतीवर भांडू लागतात. ते थांबवा. आधी मालाचा हिशोब लागला पाहिजे: काय दिले, काय विकले गेले, काय शिल्लक आहे. किमतीचा वाद त्यानंतर.

पायरी 1: माल विकला होता की ठेवायला दिला होता, ते ठरवा

करार, पावती, ईमेल, व्हॉट्सॲपवरचे संदेश, सगळे एकत्र काढा. दुकानाने एकरकमी भाव देऊन किंवा दुकानातल्या खरेदीसाठी क्रेडिट देऊन माल घेतला असेल, तर ती विक्री झाली आणि मालकी गेली. पण कमिशनची टक्केवारी ठरली असेल, "विकल्यावर पैसे" किंवा "न विकलेला माल परत" असे शब्द असतील, तर माल तुमचाच आहे. व्यापारात ज्याला जांगड माल म्हणतात, त्याच्या जवळचा हा व्यवहार. लेखी करार नसला तरी हातपाय गाळू नका. "तुमचे दोन सेट गेले, कमिशन वजा करून इतके पैसे पाठवतो" असा दुकानाचा एक जुना संदेशही व्यवहाराचे स्वरूप दाखवतो.

कराराची मुदत, माल परत मागण्यासाठी किती दिवस आधी कळवायचे आणि मुदतीत न नेलेला माल दुकानाचा होईल असे कलम आहे का, हे तीनदा वाचा. शेवटच्या कलमामुळे अनेकांचा माल जातो.

पायरी 2: यादी पुन्हा उभी करा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, कारण वाद जिंकला किंवा हरला जातो तो इथेच. "लेगोचे तीन खोके आणि काही ॲक्शन फिगर" ही यादी नाही. प्रत्येक वस्तूचा सेट क्रमांक, वर्ष, डब्याची अवस्था, सील शाबूत आहे का, सूचनापुस्तिका आहे का, हे लिहा. पुठ्ठ्याच्या मूळ कार्डावर बंद असलेली फिगर असेल तर कार्डाचे टांगायचे भोक फुटले आहे की नाही, हेही लिहा. संग्राहकांच्या बाजारात त्यानेही भाव बदलतो. ग्रेडिंग झालेली, म्हणजे अवस्था तपासून दर्जा ठरवलेली, वस्तू असेल तर लेबलावरचा क्रमांक द्या. तो क्रमांक दुसऱ्या वस्तूवर नसतो, त्यामुळे अदलाबदल झाली तर लगेच उघडी पडते.

लेगोच्या बाबतीत मिनीफिगरची, म्हणजे सेटमधल्या छोट्या माणसांची, यादी वेगळी करा. 2003 सालचा स्टार वॉर्सवरचा क्लाउड सिटी सेट, क्रमांक 10123, घ्या. त्यातल्या बोबा फेट या पात्राच्या मिनीफिगरच्या हातापायांवर छपाई आहे, आणि त्या सेटच्या किमतीचा मोठा वाटा त्या एका मिनीफिगरमध्ये आहे. उरलेले सगळे तुकडे परत मिळाले आणि फक्त ती फिगर साधी निघाली, तर "सेट परत दिला" या वाक्याला काही अर्थ उरत नाही. 2013 सालच्या मिस्टर गोल्ड या मिनीफिगरचेही तसेच आहे. जगभरासाठी फक्त 5000 बनवल्या गेल्या आणि नकली भरपूर फिरतात. अशा वस्तूचे पुढून, मागून आणि जवळून काढलेले फोटो नसतील, तर तुम्ही अस्सल दिली होती हे सिद्ध करणे कठीण जाते.

पुरावे कुठे सापडतात? जुन्या खरेदीच्या ईमेलमध्ये, बँकेच्या नोंदींत, ब्रिकलिंक या लेगो खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळावरच्या ऑर्डरमध्ये, विम्यासाठी केलेल्या यादीत, मित्राला हौसेने पाठवलेल्या कपाटाच्या फोटोत. फोटोची मूळ फाइल जपा, कारण पुढे पाठवलेल्या प्रतीत तारखेची माहिती बहुधा उरत नाही. मूळ मालक हयात नसेल, तर वारस म्हणून तुमचा हक्क दाखवणारा कागदही याच फाइलमध्ये ठेवा.

पायरी 3: लेखी हिशोब मागा

फोनवर नको, काउंटरवर नको. लेखी मागा आणि उत्तरासाठी एक तारीख द्या. मजकूर साधा ठेवा: "अमुक तारखेला दिलेल्या, सोबतच्या यादीतील प्रत्येक वस्तूची आजची स्थिती, विक्रीची तारीख, विक्री किंमत, कापलेले कमिशन आणि देय रक्कम कळवावी." आरोप करू नका, "चोरी" हा शब्द तर अजिबात नको. हिशोब देणे हे विक्री करून देणाऱ्याचे कर्तव्यच आहे. भारतीय करार कायदा, 1872 मध्ये कलम 213 हेच सांगते: मालकाने मागितल्यावर एजंटाने नीट हिशोब दिला पाहिजे. मालकासाठी घेतलेले पैसे त्याला देण्याची जबाबदारी कलम 218 मध्ये आहे.

हिशोब आला की दोन गोष्टी बारकाईने तपासा. पहिली, कमिशन कशावर लावले? सवलत देण्याआधीच्या किमतीवर की नंतरच्या, कर धरून की सोडून? दुसरी, सेट फोडून विकला का? मिनीफिगर वेगळ्या विकून उरलेले तुकडे किलोच्या ढिगात टाकले, तर हिशोबात "सेट विकला नाही" असे दिसू शकते. दुकान ऑनलाइनही विकत असेल तर तिथल्या जाहिरातींचे तारखेसह स्क्रीनशॉट घ्या. त्या रातोरात काढल्या जातात.

पायरी 4: उरलेला माल आधी घरी आणा

पैशांचा निकाल लागेपर्यंत माल तिथेच राहू देऊ नका. दुकान बंद पडले, विकले गेले किंवा दुकानाकडे पैसे थकलेल्यांनी त्याला वेढले, तर तुमचा माल दुकानाच्याच मालात धरला जाण्याचा धोका असतो. अमेरिकेच्या यूसीसी (युनिफॉर्म कमर्शियल कोड) या व्यापारी कायद्यात कन्साइनमेंटसाठी सविस्तर नियम आहेत. पण घरगुती वापराच्या वस्तू आणि एका वेळी दिलेला 1000 डॉलरपेक्षा कमी किमतीचा माल त्या व्याख्येबाहेर राहतो. म्हणजे हौशी संग्राहक आणि सतत खरेदी-विक्री करणारा यांची स्थिती कायद्यात वेगळी पडू शकते.

माल आणताना सोबत कोणाला तरी न्या. वस्तू यादीशी ताडून घ्या, डबे तिथेच उघडून बघा, फोटो काढा. पावतीवर सही करताना "फक्त वरील वस्तू मिळाल्या, उर्वरित माल व रकमेवरील हक्क राखून" असे स्वतःच्या हाताने लिहा.

पायरी 5: जबाबदार कोण, ते शोधा

पाटीवर मोठ्या ब्रँडचे नाव असते, पण करार बहुधा स्थानिक दुकानचालकाच्या स्वतंत्र कंपनीशी झालेला असतो. नोटीस त्या कंपनीच्या नोंदणीकृत नावाने आणि पत्त्यावर गेली पाहिजे. मूळ कंपनी सहसा म्हणते की फ्रँचायझी स्वतंत्र आहे, आमचा संबंध नाही. तरीही तिला प्रत पाठवाच. फ्रँचायझी करारामुळे दुकानावर तिचा दाब असतो, आणि विक्रीच्या नोंदीही अनेकदा तिच्या यंत्रणेत असतात. ग्राहकाला दिलेल्या कागदांवर फक्त ब्रँडचेच नाव असेल, तर तो मुद्दा वकिलाला आवर्जून दाखवा.

मधल्या काळात दुकानाचा मालक बदलला असेल तर नवा मालक "जुने व्यवहार माझे नाहीत" म्हणेल. जुन्या देण्यांबद्दल ते खरे असू शकते. पण कपाटात उभा असलेला तुमचा सेट जुन्या मालकाचा नव्हताच, त्यामुळे तो नव्या मालकाला विकण्याचा हक्कही जुन्याला नव्हता. वस्तू परत देण्याची ही मागणी पैशांच्या मागणीपासून वेगळी ठेवा.

पायरी 6: रक्कम ठरवा

दोन वेगळे तक्ते करा. विकलेल्या मालासाठी ठरलेला वाटा मागा. हरवलेल्या किंवा बदललेल्या मालासाठी बाजारभाव. बाजारभाव म्हणजे प्रत्यक्ष विक्री झालेला भाव. कोणी मागतो तो भाव नव्हे. ब्रिकलिंकवर गेल्या 6 महिन्यांतल्या विक्रीचे आकडे मिळतात, ते त्याच अवस्थेच्या वस्तूचे घ्या. जुन्या आठवणीतले भाव धरू नका. लेगोचा 2007 चा मोठा मिलेनियम फाल्कन यानाचा सेट, 10179, अनेक वर्षे चढत्या भावात होता. 2017 मध्ये त्याच यानाचा 7541 तुकड्यांचा नवा सेट, 75192, आला आणि जुन्याचा भाव उतरला. फुगवलेली एक ओळ सापडली की समोरचा वकील अख्ख्या तक्त्यावर शंका घेतो.

पायरी 7: नोटीस, आणि पुढचा रस्ता

आता नोटीस पाठवा: यादी, दोन्ही तक्ते, मुदत, आणि मुदतीनंतर काय करणार ते. करारात लवादाचे कलम असेल तर आधी तो मार्ग बघावा लागतो. नसेल तर लहान रकमांच्या दाव्यांचे न्यायालय किंवा दिवाणी दावा. रकमेची मर्यादा आणि दाव्याची मुदत जागेगणिक बदलते, म्हणून हा प्रश्न वकिलाला पहिल्याच भेटीत विचारा. मौल्यवान वस्तू अजून दुकानात दिसत असेल, तर ती विकण्यास मनाई मागता येईल का, हेही तेव्हाच विचारा.

बऱ्याच वेळा नोटिशीनंतर दुकान तडजोडीला येते. रक्कम हप्त्यांनी येणार असेल, तर एक हप्ता चुकल्यास उरलेली सगळी रक्कम लगेच देय होईल असे कलम घाला. आणि शेवटचा हप्ता खात्यात जमा होईपर्यंत "आता काही येणे नाही" अशा कागदावर सही करू नका.