अमेरिकेतील गरिबीचे आकडे कसे वाचावेत आणि त्यांमागचे राजकारण कसे ओळखावे

जगातील सर्वांत मोठी अर्थव्यवस्था असलेल्या अमेरिकेत 2023 साली सरकारी मोजणीनुसार 3 कोटी 68 लाख माणसे, म्हणजे लोकसंख्येच्या 11.1 टक्के, गरिबीत राहत होती. एवढा आकडा वाचून अचंबा व्यक्त करायचा आणि पुढे जायचे, असेच बहुतेकदा घडते. या विषयावर अभ्यास किंवा लेखन करू इच्छिणाऱ्याने मात्र तिथेच थांबावे. हा आकडा कशाच्या आधारे काढला, कोणत्या निर्णयाने तो खाली आला आणि कोणता निर्णय टाळल्यामुळे तो पुन्हा वर गेला, हे शोधावे. माझे मत आधीच सांगतो: अमेरिकेतील गरिबी साधनांच्या टंचाईमुळे टिकलेली नाही, घेतलेल्या आणि टाळलेल्या निर्णयांमुळे टिकलेली आहे. म्हणून गरिबीचा प्रत्येक आकडा टिपताना त्याच्या शेजारी एक तारीख आणि एक कायदा टिपण्याची सवय लावून घ्यावी.

पहिले काम म्हणजे मापदंड ओळखणे. अमेरिकेची अधिकृत दारिद्र्यरेषा 1960 च्या दशकात सामाजिक सुरक्षा प्रशासनातील अर्थतज्ज्ञ मॉली ओर्शान्स्की यांच्या कामातून आली. 1955 सालच्या पाहणीनुसार सरासरी कुटुंब आपल्या उत्पन्नाचा सुमारे एक तृतीयांश भाग अन्नावर खर्च करत असे; त्यामुळे कृषी खात्याच्या सर्वांत स्वस्त आहारयोजनेच्या खर्चाला तीनने गुणून ही रेषा आखली गेली. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की तो आहार पैशाची चणचण असताना तात्पुरता वापरण्यासाठी बेतलेला होता. त्यानंतर घरभाडे, वैद्यकीय खर्च आणि मुलांच्या सांभाळाचा खर्च अन्नाच्या तुलनेत कितीतरी वाढला, तरी ही रेषा दरवर्षी केवळ महागाईनुसार पुढे सरकवली जाते. न्यूयॉर्क शहरातील कुटुंबाला आणि मिसिसिपीच्या खेड्यातील कुटुंबाला ती सारखीच लागू होते. शिवाय ती फक्त करपूर्व रोख उत्पन्न मोजते. अन्नसाहाय्य किंवा करातून परत मिळालेली रक्कम तिच्या हिशेबात येत नाही.

याच कारणासाठी जनगणना विभाग 2011 पासून पूरक गरिबी मोजमापही प्रसिद्ध करतो. त्यात सरकारी मदत उत्पन्नात धरली जाते, कर आणि अटळ खर्च वजा होतात, तसेच त्या त्या भागातील घरखर्चही विचारात घेतला जातो. एखादे धोरण उपयोगी पडले की नाही हे तपासायचे असेल, तर हेच मोजमाप वापरावे. अन्यथा मदत वाढूनही गरिबी हटली नाही, असा चुकीचा निष्कर्ष निघतो, आणि मदत बंद करू पाहणाऱ्यांच्या हाती आयते कोलीत मिळते.

हे दुसरे मोजमाप किती बोलके आहे, याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण बालकांचे आहे आणि त्यावर सावकाश विचार करावा. मार्च 2021 मध्ये मंजूर झालेल्या मदत कायद्याने बाल कर-सवलत एका वर्षापुरती वाढवली: सहा वर्षांखालील मुलामागे वर्षाला 3,600 डॉलर आणि त्यापुढील 17 वर्षांपर्यंतच्या मुलामागे 3,000 डॉलर. जुलै ते डिसेंबर या काळात तिचा अर्धा भाग मासिक हप्त्यांत थेट पालकांच्या खात्यात जमा झाला. खरा फरक मात्र रकमेपेक्षा पात्रतेत होता. ज्यांचे उत्पन्न इतके कमी की त्यांना फारसा करच लागत नाही, अशा कुटुंबांना पूर्वी सवलत अपुरी मिळे किंवा मिळतच नसे; त्या वर्षी ती त्यांनाही पूर्ण मिळाली. पूरक मोजमापानुसार बालगरिबी 2020 मधील 9.7 टक्क्यांवरून 2021 मध्ये 5.2 टक्क्यांवर आली. साथीच्या काळातील इतर रोख मदतीचाही त्यात वाटा होता, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. मुदतवाढीला सिनेटमध्ये पुरेसे पाठबळ मिळाले नाही, सवलत पूर्वपदावर गेली, आणि 2022 मध्ये बालगरिबी 12.4 टक्के, तर 2023 मध्ये 13.7 टक्के झाली. एका वर्षात दुपटीहून अधिक वाढ झाली, ती पालक अचानक आळशी झाले म्हणून नव्हे. गरीब आपल्या वागणुकीमुळे गरीब असतात असे कोणी म्हणाले, तर हे तीन-चार आकडे त्याच्यासमोर ठेवावेत.

दुसरे काम वेतनाचा हिशेब स्वतः मांडण्याचे आहे. संघीय किमान वेतन जुलै 2009 पासून ताशी 7.25 डॉलर आहे. आठवड्याला 40 तास आणि वर्षाचे 52 आठवडे, एकही दिवस न चुकता काम केले, तर वर्षाला 15,080 डॉलर होतात. मदतीची पात्रता ठरवण्यासाठी आरोग्य खाते जी दारिद्र्यरेषा जाहीर करते, ती 2025 साली एकट्या व्यक्तीसाठी 15,650 आणि दोघांच्या कुटुंबासाठी 21,150 डॉलर होती. म्हणजे पूर्णवेळ राबणारी व्यक्ती एकटी असली तरी रेषेच्या खालीच राहते. पदरी एक मूल असलेली आई तर 6,000 डॉलरहून अधिक खाली राहते. 1968 मधील 1.60 डॉलरचे किमान वेतन 2023 च्या किमतींत सुमारे 14 डॉलर भरते, ही तुलनाही सोबत ठेवावी. टीप, म्हणजे ग्राहकाकडून बक्षिसी, मिळणाऱ्या कामगारांसाठी मालकाने द्यायचे संघीय किमान वेतन तर 1991 पासून ताशी 2.13 डॉलरवरच आहे. टीप धरून 7.25 डॉलर भरले नाहीत, तर फरक मालकाने द्यावा असा नियम आहे. अनेक राज्यांनी आपले दर बरेच वाढवले आहेत. त्यामुळे कोणत्याही राज्याविषयी लिहिण्यापूर्वी तेथील दर पाहावा. अलाबामा, लुइझियाना, मिसिसिपी, साउथ कॅरोलायना आणि टेनेसी या पाच राज्यांत किमान वेतनाचा स्वतःचा कायदाच नाही.

विषमतेसाठी सरासरी उत्पन्न बाजूला ठेवावे, कारण मूठभर अतिश्रीमंत ती वर ओढतात. मध्यक उत्पन्न, म्हणजे निम्मी कुटुंबे ज्याच्या वर आणि निम्मी ज्याच्या खाली असतात ते, पाहावे. उत्पन्नाचा जिनी गुणांक (0 म्हणजे पूर्ण समानता, 1 म्हणजे सगळे एकाच्याच हाती) 1968 च्या सुमारास 0.39 च्या आत होता, तो 2023 मध्ये 0.485 होता; यातील काही वाढ 1993 मध्ये पाहणीची पद्धत बदलल्यामुळे दिसते, एवढी सावधगिरी बाळगावी. संपत्तीचे चित्र याहून विदारक आहे. फेडरल रिझर्व्हच्या हिशेबानुसार वरच्या एक टक्का कुटुंबांकडे देशातील सुमारे 30 टक्के संपत्ती आहे, तर खालच्या निम्म्या कुटुंबांकडे मिळून जेमतेम अडीच टक्के.

आता सर्वांत अवघड भाग, म्हणजे राजकीय उदासीनता ओळखणे. ती भाषणांत सापडत नाही, कारण गरिबांविषयी कळवळा सगळेच व्यक्त करतात. ती शोधण्याची जागा म्हणजे वर्षानुवर्षे न बदललेल्या रकमा. 1996 च्या कायद्याने गरीब कुटुंबांना मिळणारी रोख मदत राज्यांना द्यायच्या ठोक अनुदानात बदलली आणि ते अनुदान वर्षाला सुमारे 16.5 अब्ज डॉलरवर गोठले. महागाईने त्याचे मूल्य 40 टक्क्यांहून अधिक घटले. त्यासाठी कोणालाही सभागृहात गरिबांविरुद्ध मत द्यावे लागले नाही. 1996 मध्ये मुले असलेल्या प्रत्येक 100 गरीब कुटुंबांपैकी 68 कुटुंबांइतक्यांना ही मदत पोहोचत होती, 2020 मध्ये 21 कुटुंबांइतक्यांना.

त्याचप्रमाणे कायद्यातील पोकळ्या तपासाव्यात. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मेडिकेड या गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेचा, अधिक गरीब प्रौढांना सामावून घेणारा विस्तार राज्यांसाठी ऐच्छिक ठरवला. टेक्सास आणि फ्लोरिडासह दहा राज्यांनी 2024 पर्यंत तो स्वीकारला नव्हता. खासगी विम्यासाठीचे अनुदान दारिद्र्यरेषेपासून वर सुरू होते. त्यामुळे यांपैकी बहुतेक राज्यांत दारिद्र्यरेषेखालील, मूलबाळ नसलेला निरोगी प्रौढ मेडिकेडलाही पात्र ठरत नाही आणि अनुदानासाठी त्याची मिळकत कमी पडते. मदत मिळण्याइतका तो श्रीमंत नाही, हे वाक्य विचित्र वाटले तरी कायद्याचा अर्थ तोच आहे.

या उदासीनतेचे खापर थेट मतदारांवर फोडण्यापूर्वी सार्वमतांचे निकाल पाहावेत. नोव्हेंबर 2020 मध्ये फ्लोरिडाने राष्ट्राध्यक्षपदासाठी डॉनल्ड ट्रम्प यांना कौल दिला आणि त्याच दिवशी किमान वेतन टप्प्याटप्प्याने 15 डॉलर करण्याचा प्रस्ताव सुमारे 61 टक्के मतांनी मंजूर केला. मिसूरीच्या मतदारांनी ऑगस्ट 2020 मध्ये मेडिकेडचा विस्तार मंजूर केला, विधिमंडळाने त्यासाठी निधी नाकारला, आणि अखेर राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाला तो लागू करायला सांगावे लागले. दुसरीकडे, मार्च 2021 मध्ये संघीय किमान वेतन 15 डॉलर करण्याचा प्रस्ताव सिनेटमध्ये 42 विरुद्ध 58 मतांनी अडला, आणि विरोधात मत देणाऱ्यांमध्ये डेमोक्रॅटिक गटाचेही आठ सदस्य होते. त्यामुळे केवळ पक्षाचे नाव पाहून निष्कर्ष काढू नये. नावनिहाय मतदानाची नोंद सिनेटच्या संकेतस्थळावर उपलब्ध असते, ती उघडून वाचावी. गरीब मतदार तुलनेने कमी मतदान करतात हे खरे आहे, पण मतदान मंगळवारी असते आणि त्या दिवशी देशभर सुट्टी नसते, हेही त्याच वाक्यात लिहावे.

शेवटी एक ठिकाण निवडून त्याचा पाठपुरावा करावा, कारण राष्ट्रीय टक्केवारीत माणसे दिसत नाहीत. अलाबामातील लाउंड्स काउंटी हे त्यासाठी अभ्यासण्याजोगे उदाहरण आहे. सेल्मा ते मंटगमरी ही 1965 ची मतदान हक्काची पदयात्रा याच भागातून गेली. इथल्या चिकणमातीत पाणी मुरत नाही, साधी शोषटाकी चालत नाही, आणि चालेल अशी टाकी बसवणे गरीब कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचे आहे; म्हणून अनेक घरांचे सांडपाणी प्लास्टिकच्या नळीने थेट अंगणात किंवा मागच्या खड्ड्यात सोडले जाते. डिसेंबर 2017 मध्ये संयुक्त राष्ट्रांचे अतिगरिबीविषयीचे विशेष प्रतिवेदक फिलिप ॲल्स्टन यांनी आपल्या अमेरिका दौऱ्यात अलाबामातील ही अवस्था पाहिली. मे 2023 मध्ये न्याय खात्याने राज्याच्या आरोग्य विभागाशी करार करून सांडपाण्यावरून रहिवाशांवर होणाऱ्या खटल्यांचा धाक थांबवला आणि सुधारणेचा आराखडा मागितला. एप्रिल 2025 मध्ये तेव्हाच्या नव्या ट्रम्प प्रशासनाने तो करार रद्द केला. करार झाला त्या वर्षीची आणि तो मोडला त्या वर्षीची कागदपत्रे शेजारी ठेवून वाचली, की कोणी काय करायचे सोडून दिले ते नेमके कळते.

पाठपुराव्याचे वेळापत्रक सोपे आहे. आरोग्य खात्याची नवी दारिद्र्यरेषा जानेवारीत जाहीर होते. तेव्हा 15,080 डॉलरशी तिची तुलना पुन्हा करावी. जनगणना विभागाचा अहवाल सहसा सप्टेंबरमध्ये येतो. त्यातील पूरक मोजमापाचे, कोणत्या योजनेने किती लोकांना गरिबीबाहेर ठेवले हे सांगणारे कोष्टक सर्वांत आधी उघडावे.