बेल वाजली तरी ओळ सुटू नये म्हणून

मी नारायण पेठेत घरीच मुद्रितशोधन करते, 22 वर्षं झाली. तीन वर्षांपूर्वी एका स्मरणिकेच्या आभाराच्या पानावर 'कै.' एक ओळ वर सरकलं होतं. ते लागलं होतं 84 वर्षांच्या, हयात असलेल्या गुरुजींच्या नावाआधी. मी त्या ओळीवर आले आणि फोन थरथरला. गुरुवारी पाणी बंद, असा सोसायटीच्या ग्रुपवरचा निरोप. तो वाचला आणि नकळत पुढच्या ओळीपासून वाचायला लागले. स्मरणिका तशीच छापली गेली. मी गुरुजींची माफी मागायला गेले, तेव्हा ते रागावले नाहीत. नुसतं त्या अक्षरावर बोट ठेवून बघत राहिले. तेव्हापासून मी कामाची रीत बदलली. तुमचं काम हिशेबाचं असो की अभ्यासाचं, तिचा उपयोग होईल.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे खूण. बेल वाजली, कुणी हाक मारली, तरी लगेच उठू नका. ज्या शब्दावर आहात त्याखाली पेन्सिलीने रेघ मारा आणि पुढे काय करणार होतात ते समासात लिहा. माझ्या समासात असं असतं: 'इथून. सनावळी पान 12 शी ताडायची.' दहा सेकंद लागतात, तेवढं दारातला माणूस थांबतो. अर्धवट सोडलेलं काम मनात रेंगाळतं आणि नव्या कामाला पुरतं लक्ष मिळत नाही, हे सोफी लरॉय या संशोधिकेने 2009 मध्ये मांडलं. पुढची पायरी लिहून ठेवली की ते ओझं कागदावर उतरतं. परत आल्यावर ओळ शोधत बसावं लागत नाही, हे वेगळंच.

फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. माझा धान्याच्या कपाटावर असतो. बंद मात्र करत नाही, कारण आई चिंचवडला एकटी राहते. अँड्रॉइडच्या 'डू नॉट डिस्टर्ब'मध्ये स्टार केलेल्या नंबरांना मुभा देता येते. शिवाय तोच नंबर 15 मिनिटांत दुसऱ्यांदा आला तर वाजू द्यायची सोय आहे. 'घाईचं असेल तर लगेच परत लावा,' एवढं घरच्यांना सांगून ठेवा. ग्रुप सगळे कायमचे म्यूट. ते मी अकराच्या चहाला आणि संध्याकाळी बघते. वेळ बघायला टेबलावर साधं घड्याळ हवंच.

खरी फसगत होते ती कामाच्या निमित्ताने. एखादा शब्द ह्रस्व की दीर्घ, म्हणून फोनवर शोधायला जावं आणि वीस मिनिटं कुठे गेली कळू नये. आता मी असे शब्द चिठ्ठीवर उतरवते आणि आठ पानं, म्हणजे अर्धा फर्मा, संपला की सगळे एकदम कोशात बघते. आठ पानांनंतर उठायचंच. डोळे थकले की ते जे असायला हवं तेच वाचतात, जे छापलंय ते नाही.

दाराचं सोपं आहे. कचऱ्याच्या ताई येऊन गेल्या की मी बसते. पार्सलं खालचे किराणावाले काका ठेवून घेतात. गणपतीआधी संध्याकाळी नदीकाठी ढोलांचा सराव सुरू होतो, तेव्हा मी बारीक वाचन करत नाही. पानांचे आकडे, अनुक्रमणिका, असली कामं त्या वेळेला ठेवते.

माझे यजमान गेल्या वर्षी निवृत्त झाले. त्यांना दिवसभरात विचारायच्या गोष्टी पुष्कळ असतात आणि त्यांना गप्प बसवणं मला पटेना. मग मुलीची जुनी पाटी स्वयंपाकघरात टांगली. सुचेल ते ते त्यावर लिहितात आणि उठले की मी तिथेच उभी राहून सगळ्याची उत्तरं देते. काल पाटीवर लिहिलं होतं: 'आईंचा माझ्या फोनवर फोन. बऱ्या आहेत. घाई नाही.'