शहराच्या अन्नखरेदीत मूल्यं आणायची तर निविदेतल्या अटींपासून सुरुवात करा

शहराच्या भांडार विभागात बरीच वर्षं मी निविदा लिहिल्या आहेत. शाळा, रुग्णालयं, वसतिगृहं यांच्यासाठी घेतल्या जाणाऱ्या अन्नात पर्यावरणाचा, शेतकऱ्यांचा आणि कामगारांचा विचार व्हावा, असा ठराव सभागृहात सहज मंजूर होतो. पुढे खरेदीची फाइल हलते तेव्हा गेल्या वेळच्याच अटी नव्या कागदावर उतरवल्या जातात आणि ज्याचा दर सर्वांत कमी त्याला ठेका मिळतो. हे बदलायला निघालेल्या नगरसेवकांसाठी, अधिकाऱ्यांसाठी आणि नागरिकांच्या गटांसाठी हे लिहिते आहे.

आधी गेल्या वर्षाची बिलं मागवा आणि साधा तक्ता करा: कोणता माल, किती किलो, कोणाकडून, किती पैशांना आणि तो पिकला कुठे. शेवटचा रकाना बहुतेक रिकामाच राहतो, कारण पुरवठादाराला तो प्रश्न कोणी विचारलेलाच नसतो. तक्ता खर्चाच्या उतरत्या क्रमाने लावा. मोजक्याच वस्तूंवर मोठा पैसा जात असल्याचं दिसेल. पहिला हात तिथेच घाला. शेजारी प्रत्येक ठेका कधी संपतो ती तारीखही लिहा. चालू ठेक्यात मनासारखे बदल करता येत नाहीत, म्हणून मुदत संपायच्या निदान वर्षभर आधी तयारी सुरू व्हायला हवी.

मग मूल्यं ठरवा, आणि ती मोजता येतील अशी ठरवा. लॉस एंजेलिस शहराने आणि तिथल्या शालेय यंत्रणेने 2012 मध्ये स्वीकारलेली चौकट मला फार उपयोगी वाटते. तिच्यात पाच बाजू आहेत: स्थानिक अर्थव्यवस्था, पर्यावरण, कामगार, प्राण्यांना मिळणारी वागणूक आणि पोषण. मूळ रचनेत पाचही बाजूंना किमान पातळी गाठावी लागते, त्यापुढे गुण मिळतात. त्यामुळे माल सेंद्रिय आहे एवढ्यावर कामगारांची मजुरी बुडवणारा सुटत नाही.

यानंतरचं काम सर्वांत महत्त्वाचं, आणि ते नेमकं घाईत उरकलं जातं: जुन्या निविदेची ओळ न् ओळ वाचणं. एक नेहमीची ओळ घ्या: ‘सफरचंद, प्रथम दर्जा, एकसारख्या आकाराचे, सर्व केंद्रांवर रोज सकाळी पोच.’ फळ कापूनच वाढायचं असेल तर आकार कशाला हवा? त्या एका अटीने चांगलं, रसाळ पण लहानमोठं फळ बाद होतं आणि त्यासोबत ते पिकवणारा छोटा बागायतदारही. ‘सर्व केंद्रांवर’ म्हटलं की ज्याच्याकडे गाड्यांचा ताफा आहे तोच उरतो. तीच ओळ अशी लिहून पाहा: ‘हंगामातली फळं, एकाहून अधिक वाण, काढणीची तारीख नोंदलेली, भागवार स्वतंत्र दर.’ निविदेचे वस्तूंप्रमाणे आणि भागांप्रमाणे लहान तुकडे करा. मागच्या उलाढालीची आणि अनामत रकमेची अट त्या तुकड्याच्या आकाराला शोभेल इतकीच ठेवा.

‘माल स्थानिकच हवा’ असं थेट लिहिण्याआधी कायदा बघा. युरोपीय संघाच्या सार्वजनिक खरेदीत मालाच्या भौगोलिक उगमावरून पुरवठादारांत भेद करता येत नाही. म्हणून तिथली शहरं ताजेपणा, हंगाम आणि वाणांची विविधता अशा निकषांवर गुण देतात. जवळचा शेतकरी त्यात आपोआप पुढे येतो.

ब्राझीलने वेगळा मार्ग घेतला. 2009 च्या कायद्याने शालेय आहारासाठी केंद्राकडून येणाऱ्या पैशांपैकी किमान 30 टक्के रक्कम कौटुंबिक शेतीतून खरेदीसाठी राखली. नेहमीच्या निविदेऐवजी जाहीर आवाहन करून बाजारभावाशी सुसंगत दराने माल घेता येतो, म्हणजे छोट्या शेतकऱ्याला दर पाडून मोठ्याशी झुंजावं लागत नाही. तुमच्या कायद्यात अशी सवलत असेल तर ती आधी वापरा. माझ्या मते याहून परिणामकारक हत्यार दुसरं नाही.

टक्केवारी लिहिताना ती कशाची, हे त्याच वाक्यात लिहा. फ्रान्सच्या 2018 च्या कायद्याने सार्वजनिक भोजनगृहांना 2022 पासून 50 टक्के दर्जेदार आणि शाश्वत उत्पादनं, त्यात 20 टक्के सेंद्रिय, असं बंधन घातलं. हिशोब खरेदीच्या किमतीवर. किलोवर मोजलं तर आकडा वेगळा येतो आणि वाद तिथेच सुरू होतात.

‘बजेट कुठून आणायचं?’ हा प्रश्न येणारच. कोपनहेगनने 2007 मध्ये स्वयंपाकघरांना मदत करणारी वेगळी संस्था उभी केली आणि शहराच्या स्वयंपाकघरांत सेंद्रियचं प्रमाण 90 टक्क्यांच्या आसपास नेलं, तेही अन्नाचं बजेट न वाढवता. मांस कमी केलं, भाज्या हंगामातल्या घेतल्या, तयार पदार्थांऐवजी कच्च्या मालापासून स्वयंपाक केला, वाया जाणारं अन्न घटवलं. प्रशिक्षणावर मात्र त्यांनी पैसा घातला. स्वयंपाक करणाऱ्या बायाबापड्यांना न विचारता मेनू बदलला तर भाजी सोलायला हात पुरत नाहीत आणि आठवड्याभरात जुना पुरवठादार परत येतो. त्यांना निविदा लिहिण्याआधीच बैठकीला बोलवा.

कामगारांबाबत नुसतं हमीपत्र घेऊन थांबू नका. कामगार कायद्याच्या उल्लंघनाची माहिती देणं बंधनकारक करा, उपठेकेदारही त्यात आणा आणि उल्लंघन सुधारलं नाही तर ठेका रद्द करण्याचं कलम घाला. आपली बाजूही सांभाळा: बिल तीस दिवसांत निघेल असं करारात लिहा आणि ते पाळा. बिलं रखडली की छोटा पुरवठादार पुढच्या वेळी दर भरायलाच येत नाही.

शेवटी, दर तिमाहीला मालाचा उगम, वजन आणि रक्कम ठरलेल्या तक्त्यात देण्याची अट करारातच टाका. तक्ता आला नाही तर त्या तिमाहीचं शेवटचं बिल थांबेल, हेही लिहा. तो तक्ता तपासणाऱ्याचं पद नाव घेऊन नमूद करा, आणि वर्षाचा गोषवारा पुढची निविदा निघण्यापूर्वी सभागृहापुढे ठेवा. नव्या अटी त्यावरूनच लिहायच्या आहेत.