जुन्या गेममध्ये आपलं गाव आणायचंय? सुरुवातीच्या या चुका टाळा

मे महिन्यात चाकरमान्यांची पोरं गावाला उतरतात, भर दुपारी किनाऱ्यावर जायला घरातून बंदी असते, आणि मग कोणाच्या तरी लॅपटॉपवर जुना मारिओ हमखास निघतो. अलीकडे त्यातली काही पोरं पुढचा प्रश्न विचारतात. समोरून चालत येणाऱ्या त्या तपकिरी शत्रूच्या, गुम्बाच्या, जागी कुर्ली (खेकडा) टाकता येईल का?

येते. प्रोग्रामिंग शिकलेलं नसलं तरी येते. मालवण-देवगडकडच्या मुलांना हे शिकवताना मला एक गोष्ट सारखी दिसते. बहुतेकांचं घोडं एकाच ठिकाणी अडतं: आपण फाइल नेमकी कुठली उघडली आणि तिच्यातला कोणता बाइट (फाइल ज्या छोट्या आकड्यांची बनते त्यांतला एक) बदलला, हे त्यांना सांगता येत नाही. ते सांगता आलं तर बिघडलेला गेम पाच मिनिटांत दुरुस्त होतो. नाही आलं तर चार दिवसांची मेहनत पाण्यात जाते आणि पोरगं कंटाळून सोडून देतं.

उदाहरणासाठी मी १९८५ चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ घेतो. तो आकाराने लहान आहे आणि त्याचा कोड अभ्यासकांनी ओळीनं ओळ उलगडून ठेवला आहे. नवख्याने सुरुवात इथूनच करावी असं माझं ठाम मत आहे.

फाइल न तपासता कामाला लागणं

गेम चालू झाला म्हणजे फाइल बरोबर, असं धरून चालू नका. या मारिओमध्ये प्रोग्रामचे ३२,७६८ आणि चित्रांचे ८,१९२ बाइट असतात. त्यांच्या आधी इम्युलेटरसाठी (जुनं मशीन लॅपटॉपवर चालवणाऱ्या प्रोग्रामसाठी) जोडलेलं १६ बाइटचं हेडर, म्हणजे फाइलची ओळख सांगणारा भाग. बेरीज ४०,९७६. फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा आणि हा आकडा जुळतो का बघा. हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलचे बाइट दाखवणाऱ्या आणि बदलू देणाऱ्या प्रोग्राममध्ये, पहिले चार बाइट ४ई ४५ ५३ १ए दिसले पाहिजेत. (हेक्स म्हणजे सोळाच्या पायावरचे आकडे, नऊनंतर ए ते एफ.) आकडा वेगळा असेल तर ती कोणीतरी आधीच हात लावलेली फाइल असू शकते. ‘९९९९ इन १’ कॅसेटवरच्या गेमचं तर विचारूच नका. तिथे एकाच गेमला किरकोळ बदल करून वेगवेगळ्या नावांनी यादीत पुन्हा पुन्हा बसवलेलं असतं.

सुपर निन्टेंडो या पुढच्या पिढीच्या मशीनच्या गेममध्ये हाच घोळ ५१२ बाइटचा होतो. ‘सुपर मारिओ वर्ल्ड’ची फाइल ५,२४,२८८ बाइटची असते. ती ५,२४,८०० भरली तर पुढे जुन्या कॉपी करणाऱ्या यंत्राचं हेडर चिकटलेलं आहे, आणि मार्गदर्शकात दिलेला प्रत्येक पत्ता (फाइलमधल्या बाइटची जागा) तुमच्याकडे ५१२ ने सरकलेला मिळणार.

मूळ फाइलची एक प्रत रीड-ओन्ली करून वेगळ्या फोल्डरमध्ये टाका. तिला पुन्हा हात लावायचा नाही.

बदलण्याऐवजी घुसवणं

सगळ्यात जास्त गेम इथे मरतात. वरच्या कोपऱ्यात ‘मारिओ’ लिहिलेलं असतं, तिथे आपलं नाव टाकायची हौस प्रत्येकाला असते. फाइलमध्ये ती ओळ अशी दिसते:

२० ४३ ०५ १६ ०ए १बी १२ १८

पहिले दोन बाइट म्हणजे पडद्यावरची जागा, तिसरा ०५ म्हणजे पुढे पाच अक्षरं आहेत, आणि मग एम, ए, आर, आय, ओ. या गेममध्ये ए म्हणजे ०ए आणि तिथून ओळीने झेड म्हणजे २३. गेमगणिक ही अक्षरांची बाराखडी वेगळी असू शकते. म्हणूनच हेक्स एडिटरच्या उजव्या खिडकीत इंग्रजी शब्द शोधला तर सापडत नाही, आणि ‘या गेममध्ये मजकूरच नाही’ असं पोरं ठरवून मोकळी होतात. आधी ही बाराखडी एका टेबल फाइलमध्ये (कोणता बाइट म्हणजे कोणतं अक्षर, ही यादी) लिहून काढा, ती एफसीईयूएक्स या इम्युलेटरच्या हेक्स एडिटरमध्ये लोड करा. मग मजकूर वाचता येतो.

आता ‘बाल्या’ लिहायचं तर ०बी ०ए १५ २२ ०ए. पाचाला पाच, काम झालं. ‘गणेश’ लिहायला गेलात तर रोमन अक्षरं सहा होतात. सहावं अक्षर पुढच्या ओळीच्या पहिल्या बाइटवर बसतं, तिथे ‘वर्ल्ड’ आणि ‘टाइम’ या शब्दांचा पत्ता असतो. नाव पाचच अक्षरी दिसतं आणि शेजारचे ते दोन शब्द पडद्यावरून जातात. हे निदान लगेच लक्षात तरी येतं. सहावा बाइट मध्ये घुसवला तर पुढचा सगळा प्रोग्राम एक घर सरकतो आणि गेम काळ्या किंवा विस्कटलेल्या पडद्यावर अडकतो. एचएक्सडी हा हेक्स एडिटर वापरणाऱ्यांनी एवढं पाठच करावं: कंट्रोल-व्ही मजकूर घुसवतं, कंट्रोल-बी आहे त्यावर लिहितं. आकार बदलतोय अशी सूचना आली की ‘नाही’ म्हणा. प्रत्येक सेव्हनंतर ४०,९७६ तेवढेच आहेत ना, बघा.

मराठी अक्षरं हवीत असा हट्ट धरणारे मला फार आवडतात, म्हणून त्यांच्यासाठी थोडं सविस्तर. या गेमचं प्रत्येक अक्षर ८ बाय ८ ठिपक्यांच्या चौकटीत असतं. वेलांटी, मात्रा, उकार यांना वर-खाली जागा लागते, जोडाक्षरं तर मावतच नाहीत. अख्खी देवनागरी बसवायला गेलात तर पहिल्याच आठवड्यात हात टेकाल. पण ‘मालवण’ बघा. म, काना, ल, व, ण. वर काही नाही, खाली काही नाही, आणि नेमक्या पाच चौकटी! एफ, जे आणि एक्स ही अक्षरं या गेमच्या संदेशांत येत नाहीत. क्यू आणि झेड मोजक्याच ठिकाणी येतात. त्या पाच चौकटींत ही पाच चित्रं काढा, शिरोरेषा वरच्या ओळीत कडेपासून कडेपर्यंत ओढा, म्हणजे शब्द सलग दिसेल. ‘ण’ला जरा दाटी होते, पण वाचता येतो. मग १६ ०ए १बी १२ १८ च्या जागी ०एफ १३ १ए २१ २३ लिहा. कोपऱ्यात मालवण.

चित्र म्हणजे नुसतं चित्र समजणं

वायवाय-सीएचआर या चित्रं बदलायच्या प्रोग्राममध्ये फाइल उघडली की टाइल, म्हणजे ८ बाय ८ ठिपक्यांचे तुकडे, दिसतात. मारिओत पहिल्या निम्म्या भागात हलणारी पात्रं, दुसऱ्या निम्म्यात पार्श्वभूमी आणि अक्षरं. इथे भाच्यांचं ठरलेलं गाऱ्हाणं येतं: “मामा, रंग तर बदललंय, पण गेमात काय दिसणा नाय.”

दिसणार कसा? टाइलमध्ये रंग साठवलेलाच नसतो. प्रत्येक ठिपक्यासाठी फक्त ० ते ३ यांतला एक आकडा असतो, आणि ० म्हणजे पात्राच्या बाबतीत पारदर्शक. कोणत्या आकड्याला कोणता रंग, हे प्रोग्राममधल्या वेगळ्या पॅलेटमध्ये (रंगांच्या यादीत) ठरतं. एडिटरमध्ये दिसणारे रंग त्या एडिटरचे स्वतःचे असतात. रंग बदलायचा तर पॅलेटचे बाइट शोधा, आणि त्याच पॅलेटवर चालणारं बाकीचं सगळंही रंग बदलेल ही तयारी ठेवा.

कुर्लीकडे येऊ. गुम्बा चार टाइलचा, १६ बाय १६ ठिपक्यांचा. त्याच्यासाठी चालण्याची दुसरी चौकट काढलेलीच नाही. गेम तेच चित्र आरशासारखं डावीकडून उजवीकडे उलटवत राहतो आणि आपल्याला पावलं पडल्यासारखी वाटतात. तुम्ही एक डेंगा मोठा आणि एक लहान अशी कुर्ली काढलीत, तर मोठा डेंगा क्षणाक्षणाला बाजू बदलेल. पोरांना हा बिघाड वाटतो. मला विचाराल तर तिरपं पळणाऱ्या कुर्लीला ते शोभतंही. पण नको असेल तर दोन्ही डेंगे सारखे काढा आणि पाय तेवढे असमान ठेवा, म्हणजे ती खरंच तुरुतुरु चालल्यासारखी दिसते.

दुसरी फसगत ढगांची. या गेममध्ये ढग आणि झुडूप एकाच टाइलचे आहेत, फक्त रंग वेगळे. ढगाच्या जागी शिडाची होडी काढलीत की जमिनीवरच्या झुडपांच्याही हिरव्या होड्या होणार. चाळीस हजार बाइटमध्ये गेम बसवणाऱ्यांनी प्रत्येक टाइल दोनदा-तीनदा राबवली आहे. म्हणून कुठलीही टाइल पुसण्याआधी ती आणखी कुठे वापरली आहे, हे एफसीईयूएक्सच्या पीपीयू व्ह्यूअर (सगळ्या टाइल) आणि नेमटेबल व्ह्यूअर (पडद्यावरची पार्श्वभूमी) यांत शोधा.

आणि कॉन्ट्रा? तो प्रत्येकाला आवडतो, पण पहिला गेम म्हणून घेऊ नका. त्याची चित्रं दाबून, कॉम्प्रेस करून ठेवलेली आहेत. वायवाय-सीएचआर मध्ये नुसते मुंग्या आल्यासारखे ठिपके दिसतात. फाइल खराब नसते, ती आधी उलगडावी लागते.

‘तीन’ शोधत बसणं

जिवांची संख्या वाढवायची म्हणून फाइलमध्ये ०३ शोधलं तर ढीगभर ठिकाणी सापडतं, आणि ती जागा त्यांत नसतेच. पडद्यावर ३ दिसतात तेव्हा मेमरीत ०२ असतं. योग्य वाट उलटी आहे. आधी इम्युलेटरच्या चीट सर्चमध्ये, मारिओ मेला की आकडा एकने कमी होतो, या खुणेवर मेमरीतली जागा काढा. ती ०७५ए आहे. मग डीबगरमध्ये (गेमचा प्रोग्राम थांबवून बघायच्या खिडकीत) त्या जागेवर ‘राइट’ ब्रेकपॉइंट (तिथे काही लिहिलं गेलं की गेम थांबवणारी खूण) लावा आणि नवा गेम सुरू करा. गेम जिथे थांबेल, तिथेच आसपास ०२ ठेवणारी सूचना असते.

तिथे हावरटपणाने एफएफ घालू नका. हा गेम हेक्समधल्या ८० पासूनचे आकडे, म्हणजे साध्या मोजणीत १२८ पासून वरचे, उणे समजतो. मारिओ एकदा मेला की थेट गेम ओव्हर. ७एफपर्यंत ठीक.

डीबगरमध्ये दिसणारा पत्ता आणि फाइलमधला पत्ता यांतही गल्लत होते. मारिओसाठी हिशेब सोपा आहे: हेक्समध्येच ८००० वजा करा, १० मिळवा. डीबगरमधला सी००० फाइलमध्ये ४०१० वर सापडेल. मोठ्या गेममध्ये बँका (प्रोग्रामचे आलटून-पालटून वापरात येणारे तुकडे) बदलत असतात, तिथे हा हिशेब चालत नाही.

बदल केला, पण दिसत नाही

आधी सेव्ह स्टेट, म्हणजे इम्युलेटरने जपून ठेवलेला खेळाचा एक क्षण, बघा. बदल करण्याआधीची सेव्ह स्टेट लोड केली की तेव्हाची मेमरी जशीच्या तशी परत येते, त्यात जुना मजकूर, जुने जीव सगळं असतं. रॉम (गेमची फाइल) नव्याने उघडा आणि सुरुवातीपासून खेळून बघा. तरी दिसलं नाही तर दुसऱ्याच फोल्डरमधली प्रत चालू आहे का तपासा. काही इम्युलेटर रॉमच्याच नावाची पॅच फाइल (फक्त बदल साठवलेली) शेजारी दिसली तर आपोआप लावतात, तेही बघून घ्या.

लाईट आणि नोंदी

पावसाळ्यात आपल्याकडे लाईट कधी जाईल याचा नेम नाही, त्यातून डेस्कटॉप असेल तर फाइल अर्धवट लिहिली जाऊ शकते. एकाच फाइलवर सेव्ह करत राहू नका. कुर्ली-०१, कुर्ली-०२ अशा प्रती ठेवा, एका प्रतीत एकच बदल. शेजारी साधी वही: पत्ता, आधीचा बाइट, नंतरचा बाइट. गेम कुठे बिघडला ते मग शोधावं लागत नाही, वहीच सांगते.

अख्खी रॉम वाटणं

गेमचे हक्क कंपनीचे आहेत. बदललेली रॉम व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर टाकू नका. तुमची मेहनत जेवढी आहे तेवढीच वाटायची, म्हणजे पॅच. फ्लिप्स नावाच्या छोट्या प्रोग्राममध्ये मूळ आणि बदललेली फाइल दिली की तो फरक काढून देतो. आयपीएस हा जुना प्रकार चुकीच्या रॉमवरही निमूटपणे लागतो आणि मग गेम का बिघडला ते कळत नाही. बीपीएस आधी फाइल जुळते का तपासतो, नाही जुळली तर लागतच नाही. तोच वापरा. सोबत मजकूर फाइल द्या: रॉमचा आकार, सीआरसी-३२ (फाइल तीच आहे का हे पडताळायचा आकडा), काय बदललं.

जुन्या मार्गदर्शकांतले बरेच दुवे रोमहॅकिंग डॉट नेटकडे जातात. २००५ पासूनच्या त्या साइटने ऑगस्ट २०२४ मध्ये नवं साहित्य घेणं थांबवलं. जमलेला ठेवा इंटरनेट आर्काइव्हवर आहे.

खऱ्या मशीनवर लावताना

फ्लॅश कार्ट्रिज (आपली फाइल भरता येणारी कॅसेट) घेऊन जुन्या टीव्हीवर खेळायचं असेल तर आधी अचूक इम्युलेटरवर, म्हणजे मेसेनवर, पूर्ण खेळून बघा. ढिल्या इम्युलेटरवर चाललेले बदल मशीनवर अडकतात. सुपर निन्टेंडोसाठी झेडस्नेस या जुन्या इम्युलेटरवर तपासून बनवलेल्या कितीतरी गेमचं असंच झालं.

पडदा विस्कटला तर लगेच कोडला दोष देऊ नका. खाऱ्या हवेने कॅसेटच्या पट्ट्यांवर थर चढतो. तोंडाने फुंकर मारल्याने ओलावा आणखी आत जातो. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पट्ट्या एकाच दिशेने पुसा, काडी काळी येणं थांबेपर्यंत. कॅसेट पूर्ण सुकल्यावरच मशीनमध्ये लावा.