ट्रायलचे पैसे: सही करण्याआधी काय वाचायचं, नंतर काय जपायचं

रुग्णालयात औषधाची माणसांवर चाचणी, म्हणजे ट्रायल, चाललेली असते. तिचं रोजचं काम पाहणाऱ्या कोऑर्डिनेटरचा फोन येतो: "मावशी, सोमवारी उपाशीपोटी या, येण्याजाण्याचे पैसे मिळतील." मावशी सिन्नरहून पहाटेची एसटी धरतात, नाशिकच्या सीबीएसला (मध्यवर्ती बसस्थानकावर) उतरून रिक्षा करतात, रक्त देतात, दुपारी परत जातात. पैसे किती, कधी आणि नेमके कशाचे, हे फोनवर कोणी सांगत नाही. ते माहितीपत्रकाच्या मधल्या पानांवर छापलेलं असतं, आणि नेमकी तीच पानं घाईत उलटली जातात. एथिक्स कमिटीने (ट्रायलला मंजुरी देणाऱ्या नीतिसमितीने) मंजूर केलेल्या कागदावर जेवढं लिहिलंय तेवढंच रुग्णालयाला देता येतं. फोनवरचा शब्द कितीही गोड असला तरी अकाउंट्समध्ये तो चालत नाही.

आधी एक घोळ मिटवू. ट्रायलमध्ये तीन वेगवेगळे पैसे असतात आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. पहिले खर्चाचे: प्रवास, जेवण, बुडालेला रोज. दुसरे वेळेचे आणि त्रासाचे, ज्याला बोलताना मानधन म्हणतात. तिसरे इजेच्या भरपाईचे, जे ट्रायलमुळे काही वाईट झालं तरच येतात आणि ज्यांचा हिशेब कायद्याने ठरलेला आहे. रुग्णालयात रुग्णांवर जे अभ्यास चालतात त्यांत सहसा पहिल्याच प्रकारचे पैसे असतात, कारण रुग्णाला उपचार आणि तपासण्या मोफत मिळतातच. निरोगी माणसांवरचे बीए-बीई अभ्यास (दोन कंपन्यांची गोळी रक्तात सारखीच पोचते का, हे तपासणारे) वेगळे. तिथे काही रात्री केंद्रात मुक्काम असतो, वारंवार रक्त काढतात आणि ठरलेली एकरकमी रक्कम असते. सातपूरच्या ओळखीच्या मुलाला तिकडे एवढे मिळाले म्हणून मधुमेहाच्या ट्रायलमध्ये तेवढेच मागायला गेलात, तर हिरमोड होईल.

सही करण्याआधी

माहितीपत्रक मराठीत मागा आणि घरी न्या. विचार करायला वेळ घेणं हा तुमचा हक्क आहे. २०१९च्या नवीन औषधे आणि क्लिनिकल ट्रायल नियमांनुसार त्यात सहभागासाठी मिळणारी रक्कम, काही असल्यास, टप्प्याटप्प्याने कशी मिळेल हे लिहावं लागतं. तो परिच्छेद सापडला की पेन घेऊन शेजारी उत्तरं लिहा. रक्कम प्रत्येक व्हिजिटला ठरावीक आहे की तिकिटं दाखवल्यावर मिळणार? स्क्रीनिंगला येऊन निवड झाली नाही तर त्या दिवसाचे मिळतात का? ठरल्याखेरीज बोलावलं, म्हणजे रक्ताचा नमुना खराब झाला म्हणून पुन्हा या असं झालं, तर? सोबत येणाऱ्या मुलाचं किंवा सुनेचं भाडं धरलंय का?

सगळ्यात जास्त फसगत ठरल्याबाहेरच्या व्हिजिटची होते. तक्त्यात व्हिजिट एक ते आठ नीट मांडलेल्या असतात, पण रक्ताचा नमुना गोठला म्हणून चौथ्या आणि पाचव्या व्हिजिटच्या मधे मारलेल्या खेपेला तक्त्यात रकानाच नसतो. मग कोऑर्डिनेटर बिचारा खिशातून देतो किंवा "पुढच्या वेळी बघू" म्हणतो. तो रकाना आधी नसेल तर डॉक्टरांना सांगा. एथिक्स कमिटीकडून दुरुस्ती मंजूर करून घेता येते, फक्त त्याला वेळ लागतो.

ठरावीक रक्कम की तिकिटावर, हा फरक नाशिक जिल्ह्यात खिशाला जाणवतो. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे आणि ७५ वर्षांपुढच्यांना प्रवास मोफत. पैसे तिकिटावर असतील तर आजोबांच्या हाती एसटीचे शून्य रुपये आणि सीबीएसपासूनच्या रिक्षाचे पैसे, तेही रिक्षावाला पावती देत नाही म्हणून अडकणार. अशा ठिकाणी प्रवासघोषणापत्र नावाचा साधा कागद चालतो: कुठून कुठे, कशाने, किती रुपये, सही. तो चालतो का हे पहिल्याच दिवशी विचारा. ठरावीक रक्कम असेल तर हा सगळा व्यापच नाही.

बुडालेल्या रोजाचंही तसंच. अंबडला कंत्राटावर काम करणाऱ्याचा खाडा पडला की रोज गेला, आणि त्याच्याकडे पगारपत्रकही नसतं. द्राक्षाच्या तोडणीत जानेवारी ते मार्च रोज चढतो, पण ट्रायलची रक्कम वर्षभर तीच राहते. यावर उपाय पैशाचा नाही, तारखेचा आहे. प्रत्येक व्हिजिटला प्रोटोकॉलमध्ये (अभ्यासाच्या ठरलेल्या आराखड्यात) काही दिवस मागेपुढे व्हायची मुभा असते. ती किती दिवसांची हे विचारा आणि साप्ताहिक सुट्टीचा वार मागून घ्या. विचारलं तर बहुतेक वेळा देतात.

फार मोठी रक्कम शेवटच्या व्हिजिटला लावलेली दिसली तर सावध व्हा. त्रास होत असूनही माणसाने पैशासाठी थांबावं असा दबाव त्यातून येतो, म्हणून चांगली एथिक्स कमिटी रक्कम सर्व व्हिजिटवर पसरवायला सांगते. मधेच सोडायचा हक्क तुम्हाला आहेच, आणि सोडलं तरी तोवरच्या व्हिजिटचे पैसे तुमचे. अभ्यासाशी संबंधित वैद्यकीय कारणाने डॉक्टरांनीच बाहेर काढलं तर पूर्ण सहभागाचा लाभ द्यावा, असं आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २००६च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलं होतं. तुमच्या कागदात यावर काय आहे ते पाहा.

संमतीपत्रावर तुमचं शिक्षण, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न आणि वारसदाराचं नाव, पत्ता, नातं विचारतात. वारसदाराचा रकाना रिकामा ठेवू नका. ट्रायलमुळे मृत्यू झाला तर भरपाई कोणाला, ते त्यावरून ठरतं. सही झालेल्या संमतीपत्राची आणि माहितीपत्रकाची प्रत तुम्हाला मिळालीच पाहिजे. "फाइलमध्ये आहे" हे उत्तर नाही. अंगठा लावणाऱ्यासाठी अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार लागतो. रुग्णालयातली ट्रायलच्या पथकातली नर्स चालत नाही.

हा अभ्यास खरा आहे का, हे पाहायला सीटीआरआयचं, म्हणजे देशातल्या ट्रायलच्या सरकारी नोंदवहीचं, संकेतस्थळ आहे. १५ जून २००९ पासून ट्रायलची नोंद तिथे सक्तीची आहे. माहितीपत्रकावर सीटीआरआय, वर्ष, महिना आणि आकडा असा क्रमांक असतो. तो टाकला की प्रायोजक (ट्रायल करवून घेणारी कंपनी), रुग्णालय आणि डॉक्टर दिसतात. क्रमांकच नाही, आणि उलट तुमच्याकडून नोंदणीचे पैसे मागतायत, तर तिथून निघा. ट्रायलचं औषध आणि त्यासाठीच्या जादा तपासण्या यांचं बिल रुग्णावर येत नाही.

पैसे हातात येईपर्यंत

औषध कंपनी किंवा तिची संशोधन संस्था रुग्णालयाला पैसे देते, रुग्णालय तुम्हाला. व्हिजिट संगणकात भरली जाते, कंपनीचा तपासनीस, म्हणजे मॉनिटर, येऊन कागद तपासतो, मग रुग्णालय बिल लावतं. हे चक्र काही ठिकाणी महिन्याचं, काही ठिकाणी तीन महिन्यांचं असतं. शहाणं रुग्णालय थोडी उचल हाताशी ठेवून त्याच दिवशी पैसे देतं. बाकीचे बिल पास झाल्यावर. तुमचं रुग्णालय यांपैकी कुठलं हे कळलं की निम्मी चिडचिड कमी होते.

रोख मिळाले तर व्हाउचरवर सही असते. ते व्हाउचर जरा निरखून पाहा: अभ्यासाचा क्रमांक, तुमचा सहभागी क्रमांक, व्हिजिट क्रमांक, तारीख, रक्कम अंकात आणि अक्षरात. तारीख स्वतःच्या हाताने घाला. कोऱ्या व्हाउचरवर किंवा चार व्हिजिटच्या गठ्ठ्यावर एकदम सही करू नका, "मॉनिटर उद्या येतोय" म्हटलं तरी. पाच हजारांपेक्षा जास्त रकमेच्या पावतीवर एक रुपयाचं महसुली तिकीट लागतं. आणि कंपनीकडे जाणाऱ्या कागदावर तुमचं नाव किंवा खातेक्रमांक नको, तिथे फक्त सहभागी क्रमांक जातो.

खात्यात येणार असतील तर स्वतःच्या नावाच्या पासबुकाची झेरॉक्स द्या. मुलाचा यूपीआय क्रमांक दिला की हिशेबतपासणीत अडतं, कारण पैसे सहभागीलाच मिळाले याचा पुरावा लागतो. दोन वर्षं व्यवहार नसलेलं खातं बँक निष्क्रिय करते आणि रक्कम अडकू शकते, म्हणून आधी शंभर रुपये टाकून-काढून बघा. आधारवर "सुमनबाई" आणि पासबुकावर "सुमन" असं असलं तर तेही पहिल्या दिवशीच सांगा.

एक छोटी वही ठेवा. तारीख, व्हिजिट क्रमांक, मिळाले किती, कसे. बस. वहीच्या मागच्या खिशात तिकिटं. एसटीच्या तिकिटाची शाई महिन्याभरात उडते, म्हणून त्याच दिवशी मोबाइलवर फोटो काढा.

जास्त पैशांसाठी एकाच वेळी दोन अभ्यासांत शिरण्याचा मोह काहींना होतो. बहुतेक अभ्यासांत आधीच्या ट्रायलनंतर ठरावीक काळ, निरोगी माणसांच्या अभ्यासांत बहुधा तीन महिने, जायला हवेत. बरीच बीए-बीई केंद्रं अंगठ्याच्या ठशावरून नोंद पडताळतात. पकडले गेलात तर बाहेर. न पकडलं गेलात तर दोन औषधं अंगात एकत्र आणि डॉक्टरांना पत्ता नाही. दुसरं जास्त वाईट.

इजा झाली तर

गंभीर त्रास झाला, दवाखान्यात भरती व्हावं लागलं, तर आधी ट्रायलच्या कार्डावरच्या क्रमांकावर फोन. निफाडच्या किंवा पेठच्या जवळच्या दवाखान्यात गेलात तरी फोन कराच. गंभीर घटना घडल्यापासून २४ तासांत डॉक्टरांनी ती वर कळवायची असते आणि १४ दिवसांत सविस्तर अहवाल द्यायचा असतो. बिलं आणि डिस्चार्ज कार्ड स्वतःच्या नावाने घ्या, कार्डाची एक प्रत घरी ठेवा. उपचार मोफत मिळतात, डॉक्टरांच्या मते गरज असेपर्यंत किंवा इजा ट्रायलमुळे नाही हे सिद्ध होईपर्यंत, यातलं जे आधी घडेल तोवर.

भरपाई मात्र इजा ट्रायलशी संबंधित ठरली तरच. संबंधात औषधाचा दुष्परिणाम तर येतोच, प्रोटोकॉल मोडणं, निष्काळजीपणा, ट्रायलसाठी केलेली प्रक्रिया हेही येतं. मृत्यूचं सूत्र असं: आठ लाख गुणिले वयाचा आकडा गुणिले धोक्याचा आकडा, भागिले ९९.३७. वयाचा आकडा १६ वर्षांपर्यंत २२८.५४, चाळिशीला १८४.१७, ६५ पासून पुढे ९९.३७. धोक्याचा आकडा आधीच मरणासन्न रुग्णाला ०.५, निरोगी माणसाला ४. म्हणून चाळीस वर्षांच्या निरोगी माणसासाठी साधारण ५९ लाख ३१ हजार, तर पासष्टीच्या, जगण्याची आशा सहा महिन्यांच्या आतली असलेल्या रुग्णासाठी ४ लाख. तीस दिवसांत मृत्यूची शक्यता ९० टक्के किंवा जास्त असेल तर रक्कम थेट दोन लाख. कायमचं अपंगत्व आलं तर मृत्यूला जेवढी मिळाली असती तिच्या ९० टक्क्यांना अपंगत्वाच्या टक्केवारीने गुणायचं: निम्मं अपंगत्व म्हणजे ४५ टक्के. नुसती भरती झाली तर जितके दिवस भरती, त्याच्या दुप्पट दिवसांची अकुशल कामगाराची किमान मजुरी, आणि ती दिल्लीच्या दराने. दहा दिवस राहिलात तर वीस दिवसांची.

भरपाईचा सरकारी आदेश निघाल्यावर ३० दिवसांत प्रायोजकाने पैसे द्यायचे असतात. "ट्रायलचा विमा आहे" असं ऐकलं तर तो विमा औषध कंपनीने स्वतःसाठी काढलेला असतो. तुम्हाला दावा लावत बसायची गरज नाही, तुमचा हक्क प्रायोजकावर आहे.

अडलंच तर पायरी अशी: कोऑर्डिनेटर, मग मुख्य संशोधक डॉक्टर, मग एथिक्स कमिटी. कमिटीचा फोन संमतीपत्रावर असतो. अर्ज एका पानाचा पुरे: सीटीआरआय क्रमांक, सहभागी क्रमांक, कुठल्या तारखेच्या व्हिजिटचे किती बाकी, वहीच्या पानाची झेरॉक्स. आवक शिक्का मारून घ्या. तिथेही दाद लागली नाही तर सीडीएससीओचं, म्हणजे केंद्र सरकारच्या औषध नियंत्रण संस्थेचं, पश्चिम विभागाचं कार्यालय मुंबईत आहे.

हे सगळं शेवटच्या व्हिजिटआधी करायचं. अभ्यास बंद झाला की कागद खोक्यात जातात, कोऑर्डिनेटर दुसऱ्या रुग्णालयात गेलेला असतो आणि कंपनीचं खातं मिटलेलं असतं. म्हणून शेवटच्या दोन व्हिजिट उरल्या असतानाच वही घेऊन बसा आणि त्यांच्या नोंदीशी ओळीने ताळा करा.