गेमिंगचा हेडसेट: यूएसबीचा घ्यावा की जॅकचा? खाऱ्या हवेत राहणाऱ्यांसाठी

समुद्राजवळच्या घरात हेडसेटचं आधी काय बिघडतं? आतले स्पीकर सहसा वर्षानुवर्षं टिकतात. जाते ती पिन, केबलचं टोक, कानावरच्या गाद्या आणि कॉम्प्युटरच्या कॅबिनेटच्या पुढच्या बाजूचा जॅक (पिन घालायचं भोक). वेंगुर्ला असो, देवगड असो की गुहागर, खाऱ्या हवेत तांब्या-पितळेवर हिरवट थर धरायला एखादा पावसाळा पुरतो. म्हणून यूएसबीचा हेडसेट घ्यावा की साउंड कार्डाच्या, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या आवाज तयार करणाऱ्या भागाच्या, जॅकला लावायचा, हे ठरवताना आवाजाच्या दर्जाइतकाच दुसरा प्रश्न महत्त्वाचा: बिघडणारा भाग वेगळा बदलता येईल का?

माझं मत आधीच सांगून टाकतो. बहुतेकांनी ३.५ मि.मी. पिनेचा, शक्यतो सुट्या केबलचा हेडसेट घ्यावा आणि गरज निघालीच तर त्याला एक लहान यूएसबी साउंड कार्ड जोडावं. गरज आहे की नाही हे घरच्या घरी तपासता येतं. पैसे खर्च करायच्या आधी ते करा.

आधी फरक समजून घ्या

गेममधला आवाज कॉम्प्युटरच्या पोटात आकड्यांच्या रूपात असतो. तो कानात पोचण्यापूर्वी कुठे तरी विजेच्या लहरींत बदलावा लागतो. जॅकच्या हेडसेटमध्ये हे काम मदरबोर्डवरची, म्हणजे कॉम्प्युटरच्या मुख्य सर्किट बोर्डावरची, साउंडची चिप करते. यूएसबी हेडसेटमध्ये तशीच एक चिप हेडसेटच्या आत किंवा केबलवरच्या डबीत बसवलेली असते. मदरबोर्डची चिप मग बाजूलाच राहते. म्हणजे यूएसबी हेडसेट घेणारा माणूस हेडसेटबरोबर एक छोटं साउंड कार्डही विकत घेत असतो, फक्त ते त्याला वेगळं काढता येत नाही. महागडं साउंड कार्ड बसवून त्या कॉम्प्युटरला यूएसबी हेडसेट लावला, तर कार्ड नुसतं बसून राहतं.

मदरबोर्डच्या खाचेत बसवायच्या मोठ्या कार्डाचं काय? पहिलं साउंड ब्लास्टर १९८९ साली आलं आणि विंडोज एक्सपीच्या काळापर्यंत गेमिंगसाठी वेगळं कार्ड घेण्यात अर्थ होता, कारण आवाजाचं गणित ते कार्डच करत असे. विंडोज व्हिस्टा बाजारात आलं २००७ साली. त्यात आवाजाची रचनाच बदलली, गेमना थेट कार्डाकडून काम करून घेण्याची ती जुनी वाट बंद झाली, आणि आज हे गणित मुख्य प्रोसेसरला जाणवतही नाही. २५० ओहमचे (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप) स्टुडिओतले हेडफोन असतील तर त्यांना जास्त जोर लागतो, तिथे चांगलं कार्ड किंवा अ‍ॅम्प्लिफायर उपयोगी पडतो. गेमिंगचे हेडसेट बहुधा १६ ते ६४ ओहमचे असतात. त्यांच्यासाठी मी हा खर्च सुचवणार नाही.

पायरी १: हातात आहे त्या जॅकची परीक्षा

फोनचे साधे वायरचे इअरफोन घ्या. डेस्कटॉप असेल तर ते मागच्या हिरव्या जॅकला लावा. काहीही न वाजवता आवाज पूर्ण वाढवा. इअरफोन कानात कोंबू नका, कानाजवळ धरा. मध्येच एखादी सूचना वाजली तर कान बधिर होईल. आता माऊस हलवा, एखादं लांब पान वरखाली सरकवा, मग गेम सुरू करून त्याचा आवाज शून्यावर ठेवा. माऊसबरोबर किरकिर येते का? ग्राफिक्स कार्डावर ताण आल्यावर बारीक शिट्टी ऐकू येते का?

हेच पुढच्या जॅकला करून पाहा. बऱ्याच कॅबिनेटमध्ये पुढच्या जॅकपासून मदरबोर्डपर्यंत जाणारी पातळ वायर ग्राफिक्स कार्डाशेजारून जाते आणि वाटेतला गोंगाट उचलते. मागचा जॅक स्वच्छ आणि पुढचा घाणेरडा निघाला, तर तुमचा प्रश्न शंभरेक रुपयांच्या एक्स्टेन्शन केबलने सुटला. हेडसेट मागे लावा आणि पुढच्या जॅकला विसरा.

लॅपटॉपवर हीच परीक्षा दोनदा करायची, एकदा चार्जर लावून आणि एकदा काढून. इअरफोनमधला घूं असा आवाज (पुढे नुसती 'घूं') चार्जर काढताच बंद झाला, तर दोष लॅपटॉपच्या चिपमध्ये नाही. तो चार्जरमध्ये तरी आहे किंवा घराच्या वायरिंगमध्ये तरी.

पायरी २: अर्थिंग बघा

ही पायरी हेडसेट विकणारा कोणीच सांगत नाही, आणि आपल्याकडच्या जुन्या घरांत गडबड बरेचदा इथेच असते. माजघरात ओढलेली वर्षांपूर्वीची वायर, तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या सॉकेटात बसवायला लावलेला अ‍ॅडॉप्टर, आणि अर्थिंग कागदावर. कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये गोंगाट गाळणारे कपॅसिटर असतात आणि ते विजेच्या दोन्ही वायरींना कॅबिनेटच्या पत्र्याशी जोडतात. अर्थिंग असेल तर ती बारीक गळती जमिनीत जाते. नसेल तर पत्र्यावर मुख्य दाबाच्या साधारण निम्मा दाब तरंगत राहतो. करंट अगदी कमी असतो, पण अनवाणी पायाने हात लावला की झिणझिण्या येतात. तीच गळती हेडसेटमध्ये घूं करते आणि माईकमधून मित्रांच्या कानात जाते.

जांभ्याच्या सड्यावर घर असेल तर आणखी एक गोष्ट. हा दगड उन्हाळ्यात कोरडा पडतो आणि कोरड्या जमिनीत अर्थिंग नीट लागत नाही. अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा-मीठ घातलेलं असलं तरी एप्रिल-मेमध्ये त्यात अधूनमधून पाणी ओतावं लागतं. पावसात घूं गायब आणि मे महिन्यात परत, असं होत असेल तर संशय खड्ड्यावर घ्या. लायसन्सवाल्या वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. घूं जावी म्हणून प्लगची तिसरी पिन काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नका. यूएसबी हेडसेटने घूं कमी होईलही, पण झिणझिण्या तशाच राहतील.

पायरी ३: माईक

कान तृप्त झाला तरी टीममधल्यांना तुमचं बोलणं कळलं पाहिजे. मदरबोर्डच्या गुलाबी जॅकवर माईकचा आवाज पुष्कळदा दबका येतो. विंडोजच्या साउंड कंट्रोल पॅनेलमध्ये रेकॉर्डिंग, मग माईकचं प्रॉपर्टीज, मग लेव्हल्स असं गेलं की अनेक कॉम्प्युटरवर 'मायक्रोफोन बूस्ट' दिसतो. तो १० किंवा २० डेसिबलवर ठेवा. ३० वर नेलात तर बोलण्याबरोबर फुसफुसही तितकीच वाढते. स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून ऐका. २० वरही तुम्ही विहिरीतून बोलल्यासारखे वाटत असाल, तर यूएसबीचा फायदा होण्याचं हे सगळ्यात खरं कारण आहे, कारण तिथे माईकसाठी वेगळा अ‍ॅम्प्लिफायर असतो.

पत्र्याच्या छपरावरचा आषाढातला पाऊस मात्र कुठलाच हेडसेट अडवत नाही. दांडीचा माईक तोंडाच्या कोपऱ्यापासून दोन बोटांवर आणा आणि डिस्कॉर्डमधली (खेळताना टीमशी बोलायचं अ‍ॅप) गोंगाट दाबण्याची सोय चालू करा. पावसाचा एकसुरी आवाज असली सॉफ्टवेअर बऱ्यापैकी कापतात. शेजारचा कोंबडा किंवा कुकरची शिटी त्यांना जड जाते.

पायरी ४: निवड

मागचा जॅक स्वच्छ आणि माईक ठीक असेल तर ३.५ मि.मी.चा हेडसेट घ्या आणि उरलेले पैसे चांगल्या गाद्या-स्पीकर असलेल्या मॉडेलवर घाला. एकाच किमतीच्या दोन हेडसेटांत यूएसबीवाल्याचे काही पैसे चिप आणि रंगीत दिव्यांत गेलेले असतात.

जॅक किरकिरा असेल, सैल झाला असेल किंवा माईक दबका असेल, तरीही मी ३.५चाच हेडसेट घेईन आणि सोबत पेनड्राइव्हएवढं यूएसबी साउंड कार्ड. साधी दोन-तीनशे रुपयांपासून मिळतात, पण हजाराच्या आसपासची माईकच्या बाबतीत बरी असतात. काही हेडसेट तर असेच विकले जातात: हायपरएक्स क्लाउड २ च्या खोक्यात ३.५चा हेडसेट आणि वेगळी यूएसबी डबी, दोन्ही असतात. डबी गंजली तर डबी बदलायची. पूर्ण यूएसबी हेडसेटची चिप गेली तर चांगले स्पीकरही अडगळीत जातात, आणि सर्व्हिस सेंटर तालुक्याला नसतं. कोल्हापूर, पणजी किंवा मुंबईला पार्सल पाठवून वाट बघावी लागते.

तयार यूएसबी हेडसेट कोणाला घ्यावा? एकच लॅपटॉप, ऑनलाइन शाळा-ऑफिसही त्याच्यावर, आणि वायरी-डब्यांचं झेंगट नको, अशांनी खुशाल घ्यावा. लावला की चालतो. आवाजाला उशीर होईल ही भीती मनातून काढा. यूएसबीने काही मिलिसेकंदांचा फरक पडतो, मुंबईच्या सर्व्हरपर्यंतचा पिंग, म्हणजे इंटरनेटवरून जाऊन यायला लागणारा वेळ, त्याहून बहुधा जास्त असतो. ब्लूटूथची गोष्ट वेगळी. तिथे उशीर कानाला जाणवतो आणि माईक चालू होताच आवाजाचा दर्जा सहसा पडतो. बिनवायरचा हवाच असेल तर २.४ गिगाहर्ट्झच्या डोंगलचा (यूएसबीत लावायचा छोटा रिसीव्हर) घ्या आणि डोंगल यूएसबी ३ च्या पोर्टपासून लांब लावा, कारण त्या पोर्टचा गोंगाट याच पट्ट्यात पडतो.

पायरी ५: दुकानात

काउंटरवर हमखास ऐकू येणारं वाक्य: "सेव्हन पॉइंट वन आसा, घेवन टाक." सातही दिशांचे स्पीकर खोक्यावर छापलेले असतात, आत बहुतेक वेळा दोनच असतात, डाव्या-उजव्या कानाला एकेक. आणि दोन पुरतात. डावीकडून आलेला आवाज उजव्या कानात सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी उशिराने आणि थोडा मंद पोचतो, त्यावरून मेंदू दिशा ओळखतो. हे गणित सॉफ्टवेअर करतं आणि ते फुकटही मिळतं. काउंटर-स्ट्राइक २ किंवा व्हॅलोरंटमध्ये ती सोय गेममध्येच आहे. बाकी गेमसाठी विंडोज १० आणि ११ मध्ये 'विंडोज सोनिक फॉर हेडफोन्स' आहे. ७.१ च्या छापासाठी जास्त पैसे देऊ नका.

पिन मात्र नीट बघा. पिनेवर तीन काळे पट्टे असतील तर तिच्यात आवाज आणि माईक एकत्र आहेत. ती लॅपटॉपच्या एकुलत्या एक जॅकला चालते. डेस्कटॉपला हिरवा आणि गुलाबी असे दोन वेगळे जॅक असतील तर स्प्लिटर, म्हणजे एका पिनेचे दोन फाटे करणारी छोटी केबल, लागेल. तो खोक्यात आहे का, विचारा. नाहीतर गावी परतल्यावर आवाज येतो पण माईक लागत नाही, आणि स्प्लिटरसाठी पुन्हा कुडाळ-कणकवलीची एसटी.

गाद्या सुट्या मिळतात का, हेही विचारा. रेक्झीनसारख्या गाद्या दमट हवेत आणि घामात सोलतात, काळे कपटे कानाला चिकटतात. कापडी गाद्या आपल्या हवेला बऱ्या, फक्त बाहेरचा आवाज थोडा जास्त आत येतो. मुंबईहून गणपतीला येणाऱ्या चाकरमान्याला आणायला सांगणार असाल तर मॉडेलचं पूर्ण नाव लिहून द्या आणि पावती मागा.

पायरी ६: जोडणी

यूएसबी साउंड कार्ड किंवा हेडसेट गेम सुरू करायच्या आधी लावा. विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये आउटपुट आणि इनपुट दोन्हीकडे तेच साधन निवडा. आवाज हेडसेटमधून आणि माईक मात्र वेबकॅमचा, हा घोळ नेहमीचा. दर वेळी तोच पोर्ट वापरा, दुसऱ्या पोर्टात घातल्यावर विंडोज पुष्कळदा त्याला नवीन साधन समजतं आणि सेटिंग पुन्हा करायला लावतं. लॅपटॉपवर आवाज मध्येच तुटत असेल तर पॉवर प्लॅनमधलं 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' (वीज वाचवायला यूएसबी साधनं झोपवणारी सोय) बंद करून बघा.

दिशा ओळखण्याची सोय एकाच ठिकाणी चालू ठेवा. गेममध्ये चालू केली तर विंडोजमधली आणि हेडसेटच्या सॉफ्टवेअरमधली बंद. दोन्ही एकावर एक चढल्या की पावलांचा आवाज घुमतो आणि शत्रू डावीकडे की मागे, काही कळत नाही.

पायरी ७: पावसाळा

खेळून झालं की हेडसेट खिडकीपाशी लटकत ठेवू नका. गादीवरचा घाम पुसा, आणि झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. पिन आणि सुट्या केबलची टोकं महिन्यातून एकदा मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात मिळणाऱ्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. कापसाचे धागे अडकतात, चष्म्याचं फडकं बरं. जॅकच्या आत काडी घालून खरवडू नका. पिनेला अल्कोहोल लावून ती चार-पाच वेळा आतबाहेर करा, मात्र कॉम्प्युटर बंद ठेवून.

विजा कडाडू लागल्या की प्लग काढा, आणि राउटरचाही. बऱ्याचदा वीज इंटरनेटच्या तांब्याच्या केबलवरून आत शिरते आणि लॅनमधून (राउटर ते कॉम्प्युटर या वायरीतून) मदरबोर्डपर्यंत जाते. मदरबोर्डवरची साउंडची चिप त्यात गेली आणि बाकी कॉम्प्युटर वाचला, तर नवा मदरबोर्ड घेण्याआधी ते लहान यूएसबी साउंड कार्ड लावून बघा.